संस्कृती कोणाची, कळा कोणाच्या?

सरोगसीचा वाद पेटला की दोन्ही पक्ष संस्कृतीकडे धाव घेतात. एक म्हणतो, देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरात वाढला, मग यात नवे ते काय? दुसरा म्हणतो, आईपणाचा बाजार आपल्या परंपरेत बसत नाही. २०१६ साली विधेयकाची घोषणा करताना तत्कालीन मंत्री सुषमा स्वराज यांनी समलिंगी जोडप्यांना वगळण्याचे कारण म्हणून आपल्या मूल्यांकडेच बोट दाखवले होते. मग मध्यस्थी करायला तिसरा येतो, सुशिक्षित आणि समंजस. नीती ज्या त्या समाजाची, तो सांगतो. इटलीने बंदी घालावी, जॉर्जियाने मोकळीक द्यावी, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. पहिल्या दोघांशी वाद तरी घालता येतो. हा तिसरा वादच मिटवून टाकतो, म्हणून माझे भांडण त्याच्याशी आहे.

या सद्गृहस्थाचा समाचार बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७२ सालीच घेऊन ठेवला आहे. त्याचा मुद्दा असा: ‘योग्य’ याचा अर्थ ‘त्या समाजापुरते योग्य’ एवढाच असेल, तर ‘दुसऱ्या समाजात ढवळाढवळ करणे अयोग्य’ हा नियम कोणत्या समाजापुरता? तो सर्वांना लागू म्हणावा, तर सापेक्षतावाद तिथेच संपला. आपल्यापुरताच म्हणावा, तर इतरांना उपदेश करण्याचा हक्क उरत नाही. सहिष्णुतेची ही शिकवण स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारते. सरोगसीत तर तिची आणखी पंचाईत होते, कारण इथे ‘तो समाज’ सापडतच नाही. २००८ साली गुजरातमधल्या आणंद इथल्या सरोगसीतून एका जपानी जोडप्यासाठी मूल जन्मले. त्याआधीच ते जोडपे विभक्त झाले होते. मूल कोणाचे, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे नीती कोणाची लावायची? जपानची, गुजरातची, की नऊ महिने पोट वाढवणाऱ्या बाईच्या वस्तीची?

मग इटलीची वाट धरावी का? तिथे २००४ पासून सरोगसीला बंदी आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेटने ८४ विरुद्ध ५८ मतांनी कायदा करून इटालियन नागरिकाने परदेशात केलेली सरोगसीही गुन्हा ठरवली. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा लाख युरोपर्यंत दंड. याला ‘सार्वत्रिक गुन्हा’ म्हणण्यात दांभिकता आहे, कारण युक्रेनमधल्या सरोगेट बाईचे त्यातून काय भले होणार, हे कोणी सांगत नाही. तरीही निम्मे सत्य त्यांच्या पदरात टाकावेच लागते. देहावरचा अन्याय सीमा ओलांडली म्हणून न्याय्य होत नाही. चूक आहे ती अन्याय ओळखण्यात: इटलीला तो सरोगसीतच दिसतो, मला तो तिच्या अटींत दिसतो.

त्या अटी पालकत्वाच्या हक्काच्या नावाने लादल्या जातात. हा हक्क खरा आहे. कुटुंब उभारण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही आहे. पण तो शासनाने आड येऊ नये म्हणून आहे. दुसऱ्या कोणाच्या शरीरावर त्यातून दावा निर्माण होत नाही. निपुत्रिक जोडप्याचे दुःख कमी नाही, आणि आपल्याकडे वांझपणाचा टोमणा बाईलाच ऐकावा लागतो. म्हणून मदत मागता येते. वसूल करता येत नाही.

आपल्या २०२१ च्या कायद्याने यावर तोडगा काढला: पैसे नाहीत, फक्त परोपकार. सरोगेट बाईला वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा. डॉक्टर, वकील, इस्पितळ यांच्या फीला मात्र परोपकार आड येत नाही. संसदेच्या स्थायी समितीने २०१७ मध्येच तिला योग्य मोबदला देण्याची शिफारस केली होती. यावरचा भक्कम आक्षेप मूत्रपिंडाचा आहे. १९९४ च्या कायद्याने अवयव विकता येत नाही, मग गर्भाशय भाड्याने का द्यावे? गरिबीत दिलेल्या संमतीला संमती म्हणता येईल का? प्रश्न बिनतोड आहे, पण तो सरोगसीपाशीच का थांबतो? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. पाळीमुळे खाडा झाला की मुकादम दंड कापतो, हे त्यामागचे एक कारण होते. गर्भाशयाच्या पावित्र्याचे रक्षक तेव्हा फारसे बोलले नाहीत. पैसे बंद केल्याने सक्ती बंद होत नाही, ती घरात शिरते. २०१९ च्या विधेयकाने तर सरोगेट जवळची नातेवाईकच असावी असे म्हटले होते; सासरच्या माणसांसमोर धाकट्या जावेला ‘नाही’ म्हणणे किती सोपे असते, याचा विचार कोणी केला होता?

म्हणून कसोटी एकच, आणि ती आणंदला, कीव्हला, कॅलिफोर्नियात सारखीच लागू: गरोदर बाईला शेवटपर्यंत स्वतःच्या देहाचे निर्णय घेता येतात का, तिच्या जोखमीचे मोल तिला मिळते का, आणि नकाराची किंमत तिला मोजावी लागते का? ही कसोटी कोणत्या संस्कृतीची, असे तिसरा सद्गृहस्थ विचारेल. त्याला एवढेच सांगावे की संस्कृतीची ढाल नेहमी ज्यांना कळा सोसाव्या लागत नाहीत त्यांच्याच हाती असते, आणि कळा सोसणारीला विचारल्याशिवाय तिच्या संस्कृतीच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यालाही नाही.