पाण्याला काठ हवा

तलाव केवढा आहे असे विचारले की आपल्याकडे उत्तर खोलीत नाहीतर साठ्यात मिळते. माणसाच्या कामासाठी ते बरोबरच आहे. विहिरींना पाझर द्यायचा, हरभऱ्याला दोन पाणी द्यायचे, तर साठा मोजावाच लागतो. पण त्याच पाण्यावर रात्री येणाऱ्या चितळाला, रोह्याला, चौसिंग्याला साठ्याशी कर्तव्य नसते. त्यांना लागतो काठ. पाय न घसरता उतरता आले पाहिजे, मान खाली घातली तरी आजूबाजूचे दिसले पाहिजे आणि धोका वाटताच एका उडीत माघारी फिरता आले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातल्या नाल्यानाल्यांवरचे छोटे मातीचे बांध या एका गोष्टीपुरते, म्हणजे काठापुरते, पाहावेत असे मला फार दिवस वाटत आले आहे.

हे बांध बांधताना वन्यप्राणी कुणाच्या मनात नव्हते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर हाताला काम म्हणून पाझर तलाव आणि नालाबांध निघाले. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. पुढे रोजगार हमीने ती कामे चालू ठेवली. पुसदच्याच सुधाकरराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९९२ साली, जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. पाणी अडवा, पाणी जिरवा, हा त्या साऱ्या कामामागचा विचार. त्यात माणूस होता, त्याचे शेत होते, त्याची ढोरे होती. जंगलातल्या जनावरांना जे मिळाले ते न मागता मिळाले.

ते कसे मिळाले, हे बांधाच्या रचनेत पाहावे लागते. नाल्याच्या आडवी मातीची पाळ घालतात. पाळीच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा, त्याखाली त्याच मातीने ठासून भरलेला चर, वरून मुरमाचे आवरण, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग आणि जास्तीचे पाणी काढून द्यायला एका बाजूला सांडवा. एवढेच. पाळीच्या वरच्या बाजूला मात्र कोणी काही करत नाही. नाल्याचा मूळ उतार पाण्याखाली जसाच्या तसा राहतो. म्हणून पाळीजवळ पाणी खोल असते आणि नाल्याच्या वरच्या अंगाला जावे तसे ते उथळ होत होत, गुडघ्याइतके, घोट्याइतके, शेवटी नुसती ओल होऊन संपते. खोल डोह आणि लांब उथळ काठ, दोन्ही एकाच पाण्यात. मुद्दाम आखून इतके चांगले जमले नसते.

याच्या शेजारी खोदलेले शेततळे ठेवून पाहा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, चारी बाजूंना सारखाच तीव्र उतार, आणि पुष्कळदा आतून प्लास्टिकचे अस्तर. शेतकऱ्याच्या गरजेला ते उत्तम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तहानेने आलेले जनावर त्यात उतरले की त्याचे खूर प्लास्टिकवर धरत नाहीत, आणि पाणी असूनही किंवा पाणी असल्यामुळेच ते मरते. गावातली पोरेही अशाच तळ्यांत बुडाली आहेत. कुंपण घालावे, एका कोपऱ्यात दोराची जाळी किंवा लाकडी शिडी सोडावी, एवढे तरी प्रत्येक अस्तराच्या तळ्याला असलेच पाहिजे.

आता उन्हाळ्याचा हिशेब. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची रोज साधारण दहा मिलिमीटर वाफ होते, म्हणजे महिन्याला फूटभर पाणी नुसते ऊन पिते. पाझर वेगळा. शेततळ्याच्या तीव्र उतारावर पाणी सेंटिमीटरभर उतरले तर काठही तेवढाच सरकतो, फारतर जरा जास्त. पण शंभर मीटरला एक मीटर अशा उताराच्या नाल्यात तेच सेंटिमीटरभर पाणी उतरले की काठ मीटरभर मागे जातो. रोज एक मीटर रुंदीचा, तलावाच्या रुंदीइतका लांब असा ओल्या गाळाचा नवा पट्टा उघडा पडतो. भोवतालचे वावर भेगाळलेले असते, सागाची पाने गळून जंगल उघडे झालेले असते, आणि इथे रोज नवी ओली जमीन.

त्या पट्ट्यावर काय काय चालते! ओलसर गाळातले किडे आणि गोगलगायी उघड्यावर येतात, त्यांच्यामागे शेकाट्या, ढोकरी, बगळे आणि उघड्या चोचीचे करकोचे येतात. हिवाळा सरत असेल तर उत्तरेकडे परतणारे तुतवार आणि धोबी थांबतात. चार-आठ दिवसांत गाळावर कोवळे हिरवे गवत उगवते, आणि बाकी रानात चारा वाळून कोळ झालेला असताना चितळांना तेवढाच हिरवा घास मिळतो. टिटवी काठापासून थोड्या अंतरावर उघड्या जमिनीत अंडी घालते, पिले निघाली की त्यांना चालत चालत ओलीपर्यंत नेते. माणसानेही हे ओळखले आहे. धरणाचे पाणी ओसरेल तसतशी उघड्या गाळात पेरणी करायची, याला गाळपेर म्हणतात. पाणी मागे सरते आणि पीक त्याच्या मागे मागे जाते. पाखरे आणि चितळे आपल्या परीने गाळपेरच खातात.

पण काठ मागे मागे जात असताना मागे जायला पाणी तर उरले पाहिजे. सगळाच तलाव उथळ असता तर मार्चमध्येच तळ दिसला असता. पाळीजवळचा डोह मेअखेरपर्यंत टिकतो म्हणूनच काठ जिवंत राहतो. इथे एक ताण आहे. पाझर तलाव बांधणाऱ्याला पाणी लवकर जिरलेले हवे असते, कारण ते खालच्या विहिरींत जाते. जनावराला ते वर राहिलेले हवे असते. वर्षे जातात तसा तळाला बारीक गाळ बसतो, पाझर मंदावतो, आणि जो तलाव कागदावर निकामी ठरतो तो जनावरांसाठी जास्त दिवस पाणी धरू लागतो. गाळ वाढतच गेला तर मात्र डोहच भरून येतो आणि मग ना विहिरींना पाणी, ना रानाला. या दोन टोकांच्या मधली काही वर्षे तलावाची सगळ्यात भरदार वर्षे असतात.

काठ चांगला असला की जनावर येते, आणि जनावर आले की त्याच्यामागे वाघ येतो, ही गोष्ट या जिल्ह्यात हलक्याने बोलण्यासारखी नाही. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या लोकांनी २ नोव्हेंबर २०१८ ला माणसांवर हल्ले करणारी टी-१ वाघीण मारली जाईपर्यंतची दोन वर्षे भीतीत काढली, आपली माणसे गमावली. तेव्हा गावाला खेटून असलेल्या तलावाला वन्यप्राण्यांचा पाणवठा करणे शहाणपणाचे नाही. जंगलाच्या पोटातले बांध आधी धड ठेवावेत, म्हणजे उन्हाळ्यात चितळ-रोही गावाकडे उतरायला कमी लागतील. तरीही जंगलाबाहेरच्या पाण्याचे मोल उरतेच. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. तिथे जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि विदर्भ-मराठवाडा-तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत तीन हजार किलोमीटरांहून अधिक हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. दोन जंगलांमधल्या अशा मुलखात आडबाजूच्या नाल्यांवरचे हे बांधच वाटेतले पाणी असतात.

पाळीबद्दलही बोललेच पाहिजे, कारण पाळ गेली की काठही गेला. उंदीर, घुशी, खेकडे, साळिंदर पाळीत बिळे करतात. पाणी त्या बिळांतून वाट शोधते, बारीक माती सोबत नेते, आणि बाहेरून धड दिसणारी पाळ आतून पोकळ होते. खालच्या अंगाला गढूळ पाणी झिरपताना दिसले तर तो धोक्याचा इशारा समजावा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेही मातीचेच होते आणि त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पाळीवर झाडे लावण्याचा उत्साह पुष्कळांना असतो. हेतू चांगला, पण मुळे कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात. पाळीवर गवतच असावे. झाडे लावायची तर तलावाच्या शेपटाकडे, म्हणजे वरच्या उथळ टोकाला, बाभळी लावाव्यात, तिथे बगळे घरटी करतील.

आणि फवारणीचा पंप तलावाच्या काठावर कधीही धुऊ नये. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. उथळ काठाच्या पाण्यात ते विष पातळ व्हायलाही जागा नसते.

सध्या सगळ्यात मोठा प्रश्न गाळ काढण्याचा आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून तलावांचा गाळ शेतात जाऊ लागला. काम चांगले आहे, मुरमाड वावराला तो गाळ सोन्यासारखा लागतो. पण पोकलेनला सोपे पडते तिथे, म्हणजे बहुधा कोरड्या पडलेल्या शेपटाकडूनच खोदकाम सुरू होते आणि उथळ काठ होता तिथे पुरुषभर उंचीची उभी दरड तयार होते. साठा वाढल्याची नोंद होते, काठ नाहीसा झाल्याची होत नाही. तेव्हा ज्या गावात यंदा गाळ निघणार आहे तिथल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांना एवढीच विनंती आहे. पाळीच्या पायथ्याशी खोदू नका. खालचा मुरूम उघडा पडेपर्यंत खोदू नका, नाहीतर पाणी टिकणार नाही. गाळ मधल्या डोहातून काढा, आणि यंत्र परत पाठवण्याआधी नाल्याच्या वरच्या अंगाची बाजू बैलगाडी सहज उतरेल इतकी सपाट उताराची करून घ्या.