आधी बसून पाहा

थोडं थांबा. सीटचे फोटो बाजूला ठेवा. घरातल्या लाकडी बाकावर ताठ बसा, दोन्ही तळहात उताणे करून खाली सरकवा आणि अंग हळूच डावी-उजवीकडे झुलवा. बोटांना दोन टणक गाठी लागतील. ही बैठकीची हाडं. ज्या मोटारसायकलला मागे शॉकअपच नाहीत, तिच्या सीटचा सगळा विचार या दोन हाडांपासून सुरू होतो.

अशा गाडीला हार्डटेल म्हणतात. तिचं मागचं चाक थेट चेसिसला जोडलेलं असतं. चाकाला बसलेला धक्का लोखंडातून सरळ वर येतो. एके काळी हीच रीत होती. बुलेटला मागे स्विंगआर्म, म्हणजे चाकाला वर-खाली होऊ देणारा दांडा, मिळाला १९४९ साली. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागचे शॉकअप मिळायला १९५८ उजाडलं. तोवर लोक स्प्रिंगच्या सीटवर बसून लांबचे पल्ले गाठत होते. आज कुणी हौसेनं हार्डटेल बांधून घेतं ते हँडलपासून मागच्या चाकापर्यंत उतरत जाणाऱ्या त्या एका रेषेसाठी. रेष देखणी आहे. तिची किंमत कंबर मोजणार आहे, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवा.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला धक्क्याचं शास्त्र परकं नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५पासून आहे आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एन्ड्युरन्स कंपनी शॉकअप बनवते. शॉकअपमध्ये काय असतं? स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग धक्का पोटात घेते. तेल बारीक भोकांतून सरकताना तिला सावकाश परत येऊ देतं. या तेलापाशी जरा रेंगाळा. सीटखालच्या स्प्रिंगला ते नसतं. तिनं घेतलेला धक्का ती जवळजवळ तसाच परत करते. म्हणून फार मऊ स्प्रिंग घेतली तर खड्डा गेल्यावर गाडी खाली राहते आणि आपण वर उसळतो.

आता डोळे मिटा आणि मनानं वेरूळचा रस्ता धरा. छावणी, पडेगाव, शरणापूर, दौलताबादच्या तटाचा दरवाजा, पुढे घाट, खुलताबाद. जेमतेम तीस किलोमीटर. गतिरोधक दिसतो, तेव्हा अंग आधीच सावध होतं. न दिसलेला खड्डा मात्र थेट मणक्यात शिरतो. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. तिच्यावरचं डांबर हळूहळू लाटा धरतं. अशा ठिकाणी तुमचे पाय कुठे आहेत? फुटरेस्ट शरीराखाली असतील, तर पायांवर जोर देऊन क्षणभर उठता येतं. ते पुढे लांब ठेवले असतील, तर सगळा भार माकडहाडाकडे सरकतो आणि उठायची सोयही जाते. तेव्हा सीट निवडण्याआधी फुटरेस्ट आणि हँडल पक्के करा. कंबरेतून किंचित पुढे झुकता आलं, तर भार हातापायांतही वाटला जातो.

मग गादीकडे या. दुकानात अंगठ्यानं फोम दाबून पाहतो, तसा दाबा. अंगठा लगेच तळाच्या पत्र्याला टेकला, तर तो फोम पहिल्या पाच मिनिटांचा सोबती. बसताक्षणी सुखावणारी मऊ गादी तासाभरात दबून जाते आणि हाडांखाली पत्रा उरतो. घट्ट, दाट फोम सुरुवातीला कडक वाटेल. पुढे तोच आधार देईल.

रुंदीही मोजून घ्या. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा बाकावर ठेवून त्यावर बसा, उठा, आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर पाहा. बहुतेकांचं ते १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. ही दोन्ही टोकं सीटच्या सपाट भागावर टेकली पाहिजेत. कडेच्या उतारावर गेली, तर मांड्या भार ओढतात आणि पाय बधिर होतात.

स्प्रिंगा घेताना आपलं वजन हेल्मेट-बुटांसकट सांगा. बसल्यावर त्या थोड्या दबाव्यात. पुरत्या बसल्या, तर खड्ड्यासाठी काही शिल्लक राहिलं नाही. सीट जोरानं खाली दाबून मडगार्डला टेकते का, तेही पाहा. आणि आपला मे महिना विसरू नका. काळं रेक्झिन आणि गादीतलं जेल उन्हात तापतात, मग गाडी सावलीत लावणं हाही सीटचाच भाग होतो.

कागदांचाही विचार करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनाच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत. चेसिस कापण्याआधी आरटीओत चौकशी करा.

आता पुन्हा त्या बाकावर शांत बसा. आराम म्हणजे रस्ता अजिबात न जाणवणं, अशी कल्पना मनात असेल, तर हार्डटेल तुमच्यासाठी नाही. तसं मान्य करण्यात कमीपणा काहीच नाही. रस्ता जाणवावा, पण अंग मोडू नये, एवढंच हवं असेल, तर योग्य सीट ते देऊ शकते. फक्त दुकानासमोर बसून ती पसंत करू नका. निदान तासभर चालवा, उतरल्यावर कंबर काय म्हणते ते ऐका, आणि मगच सीट पक्की करा.