डच वाक्यातील क्रियापदाच्या दोन जागा

डच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे सारे लक्ष नामांकडे आणि त्यांच्या आधी येणाऱ्या 'दे' व 'हेत' या उपपदांकडे वेधले जाते. वाक्याचा तोल मात्र क्रियापद सांभाळते, आणि ते कोठे बसते हे एकदा उमगले की उरलेल्या शब्दांची मांडणी बरीचशी सोपी होते.

'इक लेस एन बुक', म्हणजे 'मी पुस्तक वाचतो', या वाक्यात कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम दिसतो आणि इंग्रजीच्या सवयीमुळे मराठी विद्यार्थी तोच डचचा कायमचा क्रम मानून बसतो. परंतु आरंभी 'फान्दाख', म्हणजे 'आज', हा शब्द आला की 'फान्दाख लेस इक एन बुक' असे वाक्य होते. क्रियापद जागचे हलत नाही, कर्ताच त्याच्या पलीकडे जातो. साध्या विधानात कर्त्यानुसार चालवलेले क्रियापद दुसऱ्या स्थानी राहते, आणि दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे. 'इन दे आउदे स्तात वोन्त मैन ब्रूर', म्हणजे 'जुन्या शहरात माझा भाऊ राहतो', यातील पहिले चार शब्द मिळून एकच पदबंध, म्हणजे एकत्र वावरणारा शब्दगट, होतो आणि तो एकच स्थान व्यापतो.

खरी मौज गौणवाक्यात आहे. 'कारण' या अर्थी डचमध्ये 'वान्त' आणि 'ओमदात' अशी दोन अव्यये आहेत. 'वान्त' पुढील वाक्य स्वतंत्र मानते, म्हणून 'वान्त इक लेस एन बुक' असा नेहमीचा क्रम टिकतो. 'ओमदात' मात्र वाक्याला गौण करते आणि 'ओमदात इक एन बुक लेस' अशी रचना होते, जिच्यातील 'मी, पुस्तक, वाचतो' हा क्रम थेट मराठीचा आहे. यान कोस्टर या भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली डचचा मूळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असाच असल्याचे प्रतिपादन केले. त्या दृष्टीने पाहता वाक्याचा शेवट हे क्रियापदाचे घर ठरते आणि दुसरे स्थान ही त्याची मुख्य वाक्यापुरती बैठक ठरते.

या घराची खूण मुख्य वाक्यातही राहते. 'ऑपबेलन', म्हणजे फोन करणे, हे विलग होणारे क्रियापद आहे. 'इक बेल मॉर्खन मैन मूदर ऑप', म्हणजे 'मी उद्या आईला फोन करीन', यात 'बेल' पुढे निघून जाते आणि 'ऑप' एकटेच शेवटी थांबते. गौणवाक्यात दोघे पुन्हा जोडले जाऊन 'ओमदात इक मॉर्खन मैन मूदर ऑपबेल' असे होते. 'इक हेप एन बुक खलेझन', म्हणजे 'मी पुस्तक वाचले आहे', यातही 'हेप' हे साहाय्यक क्रियापद दुसऱ्या स्थानी, तर 'वाचलेले' या अर्थाचे धातुसाधित अखेरीस असते आणि दोहोंमध्ये पुस्तक सापडते. डच व्याकरणकार या रचनेला 'तांग', म्हणजे चिमटा, म्हणतात, आणि ते नाव अगदी समर्पक आहे.

साम्य अर्थातच सर्वत्र पुरत नाही. मराठीत 'शहरात' असा प्रत्यय नामाच्या शेवटी लागतो, तर डचमध्ये 'इन' हे अव्यय नामाच्या आधी येते. तरीही मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीच्या वाटेने डचकडे नेणे हा अनावश्यक वळसा आहे. त्याला शिकवणाऱ्यांनी 'ओमदात'चे वाक्य दहाव्या धड्यापर्यंत राखून न ठेवता पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहावे.