कुडीचे काय?

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावणारी आपण माणसे. ऐन सणात मृत्यूची आठवण ठेवण्याची रीत आपलीच आहे. कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, २ नोव्हेंबर, तोही पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागेच येतो.

राहुरीला माझे एक ख्रिस्ती स्नेही आहेत. पेशाने शाळामास्तर, आता निवृत्त. त्यांच्या आई गेल्या तेव्हा मी दफनाला गेलो होतो. मूठमाती देऊन परतताना काहीतरी बोलायला हवे म्हणून, आपल्याकडे बोलतात तसे, बोलून गेलो, "मास्तर, आत्मा अमर आहे. कुडी काय, आज ना उद्या पडायचीच."

मास्तर रस्त्यातच थांबले. "मला कुडीच हवी आहे," ते म्हणाले. "तिचे हात हवे आहेत."

मी ओशाळलो, पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ख्रिस्ती माणूस स्वर्ग मानतो एवढे आपल्याला ठाऊक असते, आणि स्वर्ग म्हणजे देह टाकून गेलेल्या आत्म्यांची वस्ती अशी आपली समजूत असते. त्यांच्या श्रद्धेचा गाभा मात्र निराळा आहे. शेवटच्या दिवशी मेलेली माणसे देहासकट उठतील, असे त्यांचा धर्म सांगतो. हे सर्वांनाच अवघड वाटत आले आहे. पौल अथेन्सला गेला, तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्याचे बाकी भाषण ऐकून घेतले. मेलेले उठतात म्हटल्यावर काहीजण हसले. पौलाने पुढे करिंथच्या मंडळीला बियाण्याचा दाखला दिला. पेरतो ते बी, उगवते ते निराळे; आणि तरी ते त्याच बियाचे. ज्वारी पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

राहुरीशेजारीच नेवासे. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. त्या गीतेत देह म्हणजे जुने वस्त्र. जीर्ण झाले की टाकावे, नवे घ्यावे. उपमा सुंदर आहे आणि तिने आपल्या कितीतरी पिढ्यांचे डोळे पुसले आहेत. पण आईच्या मागे राहिलेल्या मुलाला तिचा आत्मा नव्या घरी, नव्या नावाने जन्मला असे सांगितले, तर त्याचे पुरते समाधान होईल का? त्याला ती हवी असते, त्याच तोंडवळ्याची.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजाची माणसे फार मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांना कोणीतरी येऊन सांगितले की देव नुसता तुमचा आत्मा घेणार नाही, हेच शरीर उठवणार आहे. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, हेही सांगितले. देहाला जुने वस्त्र म्हणणे ज्याच्या पेटीत दुसरी वस्त्रे आहेत त्याला सोपे जाते. (ख्रिस्ती होऊनही जात सुटली नाही, हा निराळा आणि दुःखद अध्याय, त्याची कबुली ख्रिस्ती लोकांनीच दिली आहे.)

मग देह जाळला तर? याचे उत्तर राहुरीत राहून गेलेल्या एका माणसाने दिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी मात्र बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या. इहलोकीचा संसार तर मोडलाच होता. परलोकातही दोघांची वाट वेगळी, या विचाराने त्या घरात काय काय झाले असेल! पुढे ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले, आणि त्यांच्या स्वतःच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. त्या काळी ख्रिस्ती माणसाने असे सांगणे हे धाडसच. रोमन चर्चने दहनावरची बंदी उठवली तीसुद्धा १९६३ साली. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेतून उठवता येणार नाही, असे टिळकांना वाटले नसावे.

हे सगळे मनात घोळवीत पुढच्या खेपेला मी मास्तरांकडे गेलो आणि जो प्रश्न विचारू नये तोच विचारला. "तुमच्या आईचे आजोबा तर ख्रिस्ती नव्हते. त्यांचे काय?"

मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "आई रोज रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचे नाव घ्यायची," ते म्हणाले. "आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करीत नाहीत. पाळकांनी तिला दोनदा समजावून सांगितले. मग त्यांनीही सोडून दिले."