फळ कुणाच्या पदरात?

काम करत राहावं, फळाची आशा धरू नये, हे मी शाळेत मुलांना शिकवलं आणि सप्त्यातल्या कीर्तनात ऐकलं. त्यावर शंका कधी आली नाही. ती आली फ्रान्समध्ये, सायकलवर. आशा सोडली म्हणून फळ यायचं थोडंच थांबतं? ते येतंच. साधू माणसानं मन लावून काम केलं असेल तर जरा जास्तच येतं. मग ते जातं कुठं?

आमचं घर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षाच्या बागेतलं. लेक दिजाँला नोकरी करते. जूनमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा तिनं दोन सायकली भाड्यानं आणल्या आणि म्हणाली, "आई, बागा गाडीतून बघायच्या नसतात." शाळेत मी सायकलनंच जायची, पण तेव्हा शेजारून मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक हॉर्न वाजवत जायचे. इथं मोठा रस्ता डावीकडे खाली राहतो आणि आपण बागांमधल्या अरुंद वाटेनं दक्षिणेला निघतो. मार्साने, फिसँ, जव्हरे-शांबर्तँ, मोरे-सँ-दनी, शांबोल-म्युझिनी. एकेक गाव म्हणजे एक चर्च, दहावीस गल्ल्या आणि बंद फाटकं. दुपारी तर चिटपाखरू नसतं. आपल्याच साखळीचा आवाज ऐकू येतो.

उजव्या हाताला टेकडी, तिच्या डोक्यावर जंगल, आणि उतारावर खालपर्यंत वेली. आमच्याकडे मांडव डोक्याच्या वर असतो, घड वरून लोंबतात. इथला वेल कमरेएवढा. ओळीत मीटरभर, ओळींमध्येही जवळपास तेवढंच अंतर, त्यामुळे हेक्टरी दहा हजार झाडं. साधा ट्रॅक्टर मध्ये शिरतच नाही. उंच पायांचं यंत्र ओळीवर स्वार होऊन जातं. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आमच्यासारखी एप्रिलची वेगळी आणि ऑक्टोबरची वेगळी नाही. एका जागी मात्र मी सायकल उभी केली आणि पान हातात घेतलं. त्यावर निळसर डाग होते. मोरचूद आणि चुना! डाऊनी रोगासाठी आम्ही मारतो तेच बोर्डो मिश्रण, 1885 च्या सुमाराला याच देशात शोधलेलं. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

व्होन-रोमानेच्या वरच्या अंगाला, वाटेच्या कडेला एक दगडी क्रूस आहे. त्याच्यामागे रोमाने-काँती ही बाग, जेमतेम 1.8 हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. तिच्या एका बाटलीला लाखो रुपये पडतात. निफाड तालुक्यात साडेचार एकरवाल्याला बँक दारात उभं करत नाही. मध्ययुगात ही जमीन सँ-व्हिव्हाँच्या मठाची होती. शेजारच्या एका बागेला अजून त्या मठाचंच नाव आहे.

मला थांबवलं ते मात्र त्याच्या आधीच्या गावानं, व्हूजोनं. तिथं क्लो द व्हूजो ही दगडी भिंतीनं बांधून घेतलेली सुमारे 50 हेक्टरची बाग आहे. ती सितोच्या साधूंची. सितो इथून दहाबारा किलोमीटर पूर्वेला, सपाट, जंगलाच्या, दलदलीच्या प्रदेशात. 1098 मध्ये मोलेमचा रोबेर काही सोबत्यांना घेऊन तिथं गेला. त्या काळचे मठ, विशेषतः क्लूनीचा, फार श्रीमंत झाले आहेत, संत बेनेडिक्टच्या मूळ नियमाकडे परत जायला हवं, अशी त्यांची तळमळ होती. अंगावर न रंगवलेली लोकर, जेवण साधं, बोलणं कामापुरतं, आणि हातानं कष्ट. 1113 च्या सुमाराला तीसेक सोबत्यांसह तिथं दाखल झालेला बर्नार तर इतका कडक निघाला की क्लूनीच्या थाटावर त्यानं उघड कोरडे ओढले.

दारू न शिवणाऱ्या माळकरी बाईला यात पहिली अडचण वाइनची वाटेल. मला ती फार वाटली नाही. त्यांच्या पूजेत वाइन लागतेच, तिच्याशिवाय मिस्सा होत नाही. बेनेडिक्टच्या नियमात साधूला रोजचा एक ठरावीक पेला दिलेला आहे, तोही कुरकुरत: खरं तर साधूनं पिऊच नये, पण हल्लीच्या साधूंना ते पटत नाही, अशा अर्थाचं तिथं लिहिलं आहे. हे वाचून मला तो माणूस एकदम आवडला. एका तळघरात आम्हाला पेला देऊ केला तेव्हा मी माळेला हात लावून दाखवला. समोरच्याला अर्थ कळला नसावा, पण त्यानं पेला मुकाट्यानं मागे घेतला.

खरी अडचण पुढे आहे. दलदलीत द्राक्ष येत नाही, म्हणून हे साधू उतारावर आले. दानात तुकडे मिळत गेले, विकत घेतले, जोडले, आणि 1336 पर्यंत भिंत पुरी झाली. या मठांतले लोक पिढ्यान् पिढ्या त्याच ओळींत वावरले. कोणता तुकडा लवकर पिकतो, कुठं पाणी साचतं, कुठं चुनखडी वर येते, हे त्यांनी बघून ठेवलं. ते माती चाखून बघायचे अशी एक दंतकथा सांगतात. ती खरी असेलच असं नाही, पण माझे सासरे मूठभर माती दाबून वापसा सांगायचे, त्यामुळे मी हसणार नाही. आज या साऱ्या उतारावरचे 1,247 तुकडे आपापल्या नावानं ओळखले जातात आणि 2015 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. ज्यांनी स्वतःसाठी काहीच नको म्हटलं, त्यांच्या लक्षपूर्वक कामातून जगातल्या सगळ्यांत महाग शेतजमिनींपैकी काही तयार झाल्या. क्लूनीच्या श्रीमंतीला विटून निघालेल्यांची ही गत!

म्हणजे व्यक्तीनं अपरिग्रह पाळला आणि संस्थेनं परिग्रह केला. आपल्याकडची मठांची वतनं आणि देवस्थानांची इनामं आठवा, यात फ्रेंच असं काही नाही. साधू फळ देवाला वाहतो. पण देव सही करत नाही, सही मठाधिपतीची असते. पुढे क्रांती झाली, 1789 मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची ठरली, 1791 मध्ये व्हूजोची बाग विकली गेली. 1889 पर्यंत ती एका हातातून दुसऱ्या हातात अखंडच गेली. मग काही जणांनी मिळून घेतली. त्यानंतर विक्री आणि वाटण्या. आज 80 च्या आसपास मालक आहेत, काहींच्या नावावर मोजक्याच ओळी. तिथल्या कायद्यानंही मुलांना समान हिस्से मिळतात. सातबाऱ्यावरची नावं बघत मोठ्या झालेल्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पण साधू म्हणताना मी एक गोष्ट गाळली. सितोच्या मठांत दोन प्रकारची माणसं होती. एक, प्रार्थना गाणारे, लॅटिन वाचणारे. दुसरे, 'कॉन्व्हेर्सी', शेतकरी घरातले, बहुतेक निरक्षर. व्रतं त्यांनीही घेतलेली, पण चर्चमध्ये त्यांची बसायची जागा निराळी, निजायची निराळी, आणि मठाधिपती निवडताना त्यांना मत नाही. दूरच्या शेतांवरची अवजड कामं मुख्यतः त्यांच्याकडे. म्हणजे भिंतीचे दगड वाहणाऱ्या हातांत यांचे हात बरेच असणार. निष्काम कर्माचा नियम दोघांनाही एकच होता, फक्त त्यातलं कर्म एकाच्या वाट्याला जास्त होतं.

त्याच शतकांत आमचे सावता महाराज अरणला मळा करत होते. त्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला, वारीला जायची गरज वाटली नाही. मला वाटतं, फरक इथं आहे. सावता महाराजांना फळाची आशा सोडायला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. मळा त्यांचा, खुरपं त्यांचं, देवही त्यांचाच. फळाची आशा सोड, हे कष्ट करणाऱ्यानं स्वतःला सांगावं. फळ खाणाऱ्यानं ते त्याला सांगू नये. सांगितलं की तत्त्वज्ञानाचं मुकादमपण होतं.

सायकलवर पुढेमागे असलं की बोलता येत नाही. लेक पुढे असायची आणि हातानं सांगायची: खड्डा, थांब, मागून गाडी. सितोचे साधूही मौनात हातांच्या खुणांनी बोलायचे असं तिनं नंतर सांगितलं. व्हूजोच्या भिंतीशी तिनं अशीच खूण करून आत बघायला लावलं. दहाबारा माणसं वाकून कोवळ्या काड्या तारांमध्ये खोचत होती. हंगामी मजूर, असं ती म्हणाली. पाठ सरळ करायला एक बाई उभी राहिली, आमच्याकडे बघितलं आणि परत वाकली. सुरगाण्याची आमची सखू अशीच उभी राहते, दोन्ही हात कमरेवर मागे टेकवून.

सितोत साधू आजही आहेत. 1898 मध्ये ते परत आले. आता ते गाई पाळतात, चीज करतात आणि ते विकून मठ चालवतात. हे मला पटलं.

आमच्या भागात पेठ-सुरगाण्याची माणसं छाटणीला, विरळणीला, खुड्याला येतात आणि शेडमध्ये राहतात. द्राक्षाच्या पैशावर गावोगाव सप्ते होतात, मोठमोठे कीर्तनकार येतात, निष्काम कर्मावर निरूपण होतं. माझी बागायतदारांना विनंती आहे: यंदा काल्याच्या दिवशी बागेतल्या मजुरांना पहिल्या पंगतीला बसवा, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका.