सल्ल्याची दलाली

आपल्याकडे सल्ला विकत घ्यायची पद्धत नाही. रस्त्यात एखाद्याची मोटार बंद पडली, की पाच मिनिटांत सात माणसं गोळा होतात. त्यांतल्या एकाकडेही मोटार नसते, पण काय बिघडलं असावं याविषयी सातजणांची आठ मतं असतात आणि आठही मतं विनामूल्य मिळतात. अशा दानशूर समाजात मी सल्ल्यावर पोट भरतो, हे सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं.

माझ्या धंद्याला इंग्रजीत अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. मराठीत ‘संलग्न विपणन’ म्हणावं, असं एका भाषाप्रेमी स्नेह्यानं सुचवलं. त्यामुळे धंदा कुणाला कळला नाही तो नाहीच, पण मी सरकारी खात्यातून निवृत्त झालो असावा असा समज होऊन लग्नकार्यात पुढची खुर्ची मिळू लागली. आमची ही मात्र सरळ सांगते, “हे दलाली करतात. पण घरात बसून.”

तिचं म्हणणं खरं आहे. मिक्सर, कुकर, पंखे, लॅपटॉप यांच्याविषयी मी माझ्या वेबसाइटवर लिहितो. कुठला टिकाऊ, कुठला नुसताच देखणा, कुणाचा आवाज शेजारधर्माला परवडणारा, असं सगळं. लेखाच्या खाली ऑनलाइन दुकानाची लिंक असते. तिच्यावर बोट ठेवून कुणी दुकानात शिरला आणि ठरलेल्या मुदतीत त्यानं खरेदी केली, की शेकडा दोन-चार रुपये दुकानदार मला देतो. ही मुदत कुठे चोवीस तास, तर कुठे महिनाभर. गिऱ्हाइकाला वस्तू त्याच भावात पडते. अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं १९९६ साली ही रीत अवलंबली, तेव्हा ते दुकान फक्त पुस्तकं विकत असे. पुढे जगातल्या यच्चयावत वस्तूंना ती लागू झाली.

यातली गंमत अशी, की गिऱ्हाईक माझं बोट धरून आत गेलं तरी आत गेल्यावर ते माझं ऐकेलच असं नाही. मिक्सरवरचा माझा दोन हजार शब्दांचा लेख वाचून एका अज्ञात इसमानं कुत्र्याचा पट्टा आणि केसांचा कलप घेतला. नाव मला कळत नाही, वस्तू तेवढ्या कळतात. कमिशन मात्र पट्ट्याचंही मिळालं. म्हणजे जो सल्ला मी दिलाच नाही, त्याचेही पैसे मला मिळतात. एवढं भाग्य बड्या बड्या वकिलांनाही लाभत नसेल.

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय आहे? स्टेशनवरून ठरावीक लॉजवरच नेणारा रिक्षावाला आपण पाहिलेला असतो. पर्यटकांना ‘आपल्याच’ दुकानात चहा पाजायला नेणारा गाइडही पाहिलेला असतो. त्यांना आपण हसतो. पण डॉक्टरनं तपासणीला पाठवलं आणि त्यात त्याचा ‘कट’ होता असं कळलं, की आपल्याला हसू येत नाही. तपासणी कदाचित खरोखरच गरजेची असेल. पण आजार बोलत होता की कट बोलत होता, हे आता कधीच कळायचं नाही. पैसे घेतल्यानं सल्ला खोटा ठरतोच असं नाही. त्याचा खरेपणा सिद्ध करायची सोय तेवढी जाते.

आमच्या वरच्या मजल्यावर तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. माझा धंदा समजून घेतल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही कान्टचा वाणी आहात!” मला वाटलं, कान्ट हे पेठेतलं एखादं जुनं दुकान असावं. पण हा कान्ट कोनिग्सबर्गचा. १७८५ साली लिहिलेल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात त्यानं एक दुकानदार उभा केला आहे. हा सगळ्यांना एकाच भावानं माल देतो. लहान पोर आलं तरी त्याला फसवत नाही. पण का? फसवलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. कान्ट म्हणतो, या वाण्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी नाही. त्याला नैतिक मोल नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या बिचाऱ्या वाण्यानं पुडी बरोबर बांधली, माप बरोबर दिलं आणि तरीही तो तत्त्वज्ञानात नापास झाला!

बरे दिवस होते तोवर मी कान्टकडे दुर्लक्ष केलं. लोकांकडे पैसे होते, त्यांना वस्तू हव्या होत्या, मी चांगल्या वस्तू सुचवत होतो. सचोटी आणि कमिशन एकाच वरातीत नाचत होती. वरातीत कोण नवरदेवाच्या प्रेमापोटी आलाय आणि कोण जेवणासाठी, हे ओळखू येत नाही. पाऊस कोसळला की मग कळतं.

तो पाऊस २०२० साली कोसळला. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत ऑनलाइन दुकानांना फक्त जीवनावश्यक वस्तू पोचवायची परवानगी होती आणि माझा मिक्सर त्यांत बसत नव्हता. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या मानानं जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटलं. पुढच्या तिमाहीतही ते घटलेलंच राहिलं, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी तिला अधिकृतपणे मंदी म्हटलं. आमच्या घरात ही घोषणा हिनं दूधवाल्याचा रतीब अर्ध्या लिटरनं कमी केला तेव्हाच झाली होती. त्यातच मी ज्या दुकानाचा दलाल, त्यानं कमिशनचे दर उतरवले.

अशा वेळी खालच्या मजल्यावरचा एक तरुण जिन्यात भेटला. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण पगार अर्धा झाल्याचं डोळ्यांतही दिसतं.

“काका, पोरीची शाळा ऑनलाइन झालीय. तुमच्या साइटवरचा तो पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप घेऊ का? हप्त्यानं मिळतोय.”

माझ्या मनात ताबडतोब हजारभर रुपये खुळखुळले. विजेचं बिलही तेवढंच आलं होतं, हा योगायोग नजरेआड करण्यासारखा नव्हता. लॅपटॉप चांगलाच होता. ‘घे’ म्हटलं असतं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“कितवीत आहे रे ती?”

“चौथीत.”

“आणि तुझ्या जुन्या कॉम्प्युटरला काय झालंय?”

“हळू चालतो.”

“मग त्याची रॅम वाढव, एसएसडी बसवून घे. चौथीच्या भागाकाराला एवढं पुरतं.”

काही हजारांत त्याचं काम झालं. दुरुस्तीवाल्यानं मला कमिशन पाठवलं नाही. त्याला ही विद्या अवगत नसावी.

मग मी त्याच धर्तीवर लेखच लिहायला घेतले. पंखा हळू फिरतो? नवा घेऊ नका, बहुधा कंडेन्सर गेला असेल. मिक्सर घरघरतो, पण पातं फिरत नाही? खालचा कपलर झिजला असेल. कुकरची वाफ कडेनं जाते? रिंग बदला, कुकर नको. ही म्हणाली, “लोकांनी काही विकत घेऊ नये म्हणून दुकान काढणारे तुम्ही पहिलेच!” एका वाचकानं रागावून कळवलं, की मंदीत खरेदी करणं हे देशकार्य आहे. सगळ्यांनीच हात आखडला तर कारखाने बंद पडतील, सामान पोचवणाऱ्या पोरांनी खायचं काय? हा मुद्दा साधा नाही. केन्सनं १९३६ साली तो मांडला होता, की एकट्याची काटकसर शहाणपणाची असली तरी सगळ्यांची मिळून सगळ्यांना गरीब करते. मी त्या वाचकाला उत्तर दिलं, की देशाचं राष्ट्रीय उत्पन्न जिन्यात भेटून मला सल्ला विचारील, तेव्हा त्याला मी खुशाल ‘घे’ म्हणेन. तूर्त मला भेटतो तो अर्ध्या पगाराचा माणूस.

आज नियम झाले आहेत. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या आस्की या संस्थेनं २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सांगितलं, की शिफारशीमागे पैसे असतील तर ते उघड करा. मी तर आधीपासूनच प्रत्येक लेखावर लिहितो, ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते.’ नियम उत्तम आहे. पण त्यानं ‘घ्या’ या शब्दामागचे पैसे जाहीर होतात. जो ‘घेऊ नका’ ओठांवर येऊन परत गेला, तो कुठे जाहीर करायचा? दलालाचं पाप बोललेल्या शब्दात क्वचितच असतं. ते न बोललेल्या शब्दात असतं, आणि त्याची पावती कुणी मागत नाही.

इथवर आल्यावर मी स्वतःवर जरा खूष होतो. पण झालं असं, की ते ‘घेऊ नका’वाले लेखच सगळ्यांत जास्त वाचले गेले. पगार पूर्ववत झाल्यावर ती माणसं परत आली आणि म्हणाली, हा माणूस उगाच काही गळ्यात मारत नाही. मग त्यांनी माझ्याच लिंकवरून फ्रिज घेतले. धंदा आधीपेक्षा बरा चालू लागला. मी आनंदानं ही बातमी वरच्या मजल्यावर नेली. प्राध्यापक हळहळले. “अरेरे! म्हणजे तुम्ही पुन्हा वाणीच झालात!”

मी यावर बराच विचार केला आहे. कान्टला वाण्याच्या मनाची काळजी होती, ती असावी. पण पोराच्या हातात पैसे देऊन त्याला दुकानात धाडणारी आईही या गोष्टीत आहे, आणि तिला वाण्याच्या मनात डोकावता येत नाही. तिला फक्त पुडीचं वजन बघता येतं. मलाही माझं मन पुरतं दिसत नाही. जिन्यात मी ‘घेऊ नको’ म्हणालो, तेव्हा पुढे फ्रिज विकले जातील हे मला ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो माझ्या बाजूचा पुरावा. आता ते ठाऊक झालं आहे. त्यामुळे यापुढची माझी प्रत्येक सचोटी संशयास्पद राहणार. नक्की काय ते पुढच्या मंदीतच कळेल. ती मंदी कधी येऊ नये, अशी मी रोज देवाला प्रार्थना करतो. या प्रार्थनेमागचा हेतू मात्र कुणी विचारू नये.