राखणदाराचा गाव कोणता?

गिरणीतली रात्रपाळी उतरून सकाळी घरी येतो तेव्हा धाकटा धावून परत आलेला असतो. अंगभर घाम, पायात माझेच जुने बूट. त्याला पलटणीत जायचंय. खडकीत हे काही नवं नाही. इथं दारूगोळ्याचा कारखाना, इथं बॉम्बे सॅपर्सचं केंद्र. इथलं पोर बिगुल ऐकतच मोठं होतं.

परवा त्यानं विचारलं, "दादा, महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा खांब होता ना? तो आपला म्हणायचा का नाही? तिथं तर आपण गोऱ्यांसाठी लढलो."

मी कविता करतो. शब्द जुळवायला बसलो की जुळतात. पण ह्या पोराला जुळवलेलं उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

आधी आमच्या घरातलं चिन्ह सांगतो. आज्याचा बाप गावचा वेसकर होता. हातात घुंगरांची काठी, खांद्यावर घोंगडी. आज्या सांगायचा, रात्रभर वेस राखायची, परका दिसला की हटकायचा. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की शीव दाखवायला महारच पुढं. तिथं त्याचा शब्द खरा. आणि सकाळी तोच माणूस दारोदार "जोहार मायबाप" करत भाकरी मागणार. गावाची हद्द त्याला तोंडपाठ, आणि त्या हद्दीतली विहीर त्याला बंद. काठीला घुंगरं कशाला होती? चोराला भ्या वाटावं म्हणून, का हा येतोय हे कळून सोवळ्यातल्यांनी बाजूला व्हावं म्हणून? मला अजून कळलं नाही.

म्हणजे सरहद्दीवरचा पहारा आम्हाला लष्करानं शिकवला नाही. तो आमच्या कपाळी आधीच मारलेला होता. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं तेव्हा आज्याच्या बापानं काठी चुलीत घातली म्हणे. लोक म्हणाले, पूर्वजांची खूण जाळली. मी म्हणतो, बरं केलं.

मग पलटणीची खूण का जपायची?

हिशेब सरळ मांडू. ५ नोव्हेंबर १८१७ ला ह्याच खडकीत पेशव्याची आणि कंपनीची लढाई झाली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात. कंपनीनं खांब उभारला, मेलेल्यांची नावं कोरली. त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. मित्रांनो, मला लढाईपेक्षा ही नावं मोठी वाटतात. शेकडो वर्षं शीव राखली, त्या शिवेवर एका तरी वेसकराचं नाव कुणी दगडावर घातलं का?

पण दगडावर नाव आलं म्हणजे माणूस आत आला असं नाही. त्याच गोऱ्या सरकारनं १८९२ साली महारांची भरती बंद केली. तुम्ही लढाऊ जात नाही म्हणे! वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी केले. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण काढली, आणि १९२१ ला मोडली. पुन्हा युद्ध आलं, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो, वैद्य मरो. वेसकराला गावानं वागवलं तसंच हे.

तरी एक फरक आहे, आणि तो मी लपवणार नाही. जोहाराला कमरेत वाकावं लागतं. सलामीला मान ताठ लागते. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात जे वाढलं ते कुठल्या वेसकराच्या झोपडीत वाढू दिलं असतं का?

पुढं बिल्ल्यावरचा खांब गेला, त्याजागी खंजीर आला. रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींची माणसं आली. १९५६ साली सरहद्द राखणाऱ्या बॉर्डर स्काउट्सच्या तीन पलटणी तिच्यात आल्या, त्या ४, ५ आणि ६ महार झाल्या. ज्या वर्षी आम्ही नागपुरात धर्माची वेस ओलांडली, त्याच वर्षी ज्यांची जात महार नव्हती असे जवानही 'महार' हे नाव खांद्यावर लावून उभे राहिले. गावात जे नाव शिवीसारखं घेत, ते तिथं मानाचं झालं. त्यांची युद्धघोषणा आहे 'बोलो हिंदुस्थान की जय'. तीत कुठल्या देवाचं नाव नाही, कुठल्या राजाचं नाही. ज्याला स्वतःचा गाव नव्हता त्यानं अख्ख्या देशाचं नाव घेतलं.

पण देशानं त्याचं घेतलं का? २०१८ च्या १ जानेवारीला त्याच खांबाकडं निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. म्हणून मी म्हणतो, राखण करणं हे आपोआप शौर्य होत नाही. जे राखतोस त्यात तुझा वाटा असेल, आणि नको म्हणायची मोकळीक असेल, तर ते शौर्य. नसेल तर ती वेठच. काठीच्या जागी बंदूक आली म्हणून वेठीची जात बदलत नाही.

हे सगळं धाकट्याला सांगितलं. आता २०२२ पासून भरती चार वर्षांची, शंभरातले पंचवीस ठेवणार, हेही सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे जाऊ नको?"

मी म्हणालो, "जा. खांब आपलाच म्हण, त्यावर आपली नावं आहेत. पण बिल्ला लावलास म्हणून गावची विहीर विसरू नको. सुट्टीवर आलास की वर्दी घालून गावी चल. वेशीवर थांबायचं नाही. सरळ आत जायचं, पाणी प्यायचं."

तो हसला. म्हणाला, "मग वर्दी कशाला? ह्या रविवारीच जाऊ की."

मला उत्तर सुचलं नाही. रविवारची सुट्टी मात्र टाकलीय.